"मी सार्वभौम आहे" म्हणणाऱ्या राज्याला देणं फेडायला लावणारा न्यायमूर्ती, आणि त्याच्या स्वतःच्या मागे लागलेले घेणेकरी : जेम्स विल्सन (१७४२–१७९८)

साकव

"राज्य व्यापाऱ्यासारखाच करार करतं. लबाड व्यापारी जाणूनबुजून देणं बुडवतो, तसं लबाड राज्यही बुडवतं. व्यापाऱ्याला कोर्टात खेचता येतं. मग घेणेकरी आपलं रास्त देणं मागायला आला की राज्यानं रूप पालटून 'मी सार्वभौम आहे' म्हणावं आणि त्याचा नि न्यायाचा अपमान करावा, हे चालू द्यायचं का? मुळीच नाही."

मराठी माझं आहे. मूळ शब्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जेम्स विल्सन यांचे, १८ फेब्रुवारी १७९३ च्या निकालपत्रातले. बरोबर साडेपाच वर्षांनी, २१ ऑगस्ट १७९८ ला, हाच माणूस नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडंटन गावी एका खानावळीच्या खोलीत वारला. वय पंचावन्न. तेव्हाही तो सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्तीच होता. घेणेकऱ्यांना चुकवत तिथवर आला होता, आणि तोवर दोनदा कर्जापायी तुरुंगात बसून आला होता.

या दोन तारखा पहिल्यांदा शेजारी शेजारी वाचल्या त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून दोन महिने मिळेल तसं वाचतोय. लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही म्हणून हा धागा.

विल्सन मूळचा स्कॉटलंडचा. फाइफ परगण्यात सेरेस गावाजवळ त्याच्या बापाची शेती होती. पोरानं धर्मोपदेशक व्हावं ही घरची इच्छा. शिष्यवृत्ती मिळवून तो सेंट अँड्र्यूज विद्यापीठात गेला, पण बाप वारल्यावर ते शिक्षण सुटलं. १७६५ मध्ये त्यानं अमेरिका गाठली आणि फिलाडेल्फियाच्या कॉलेजात लॅटिन शिकवायला लागला. तिथल्या नावाजलेल्या जॉन डिकिन्सन या वकिलाच्या हाताखाली कायदा शिकला, १७६७ मध्ये सनद मिळवली. पुढे कार्लाइल या सरहद्दीवरच्या गावात बस्तान बसवलं. वस्ती बरीचशी आयर्लंडमार्गे आलेल्या स्कॉटिश लोकांची, आणि कोर्टातली कामं मुख्यतः जमिनीची. हद्दी कशाच्या, तर अमुक ओढा, तमुक ओकचं झाड. एकाच तुकड्यावर दोघादोघांचे मोजणीचे कागद. अशा दाव्यांत त्यानं नाव कमावलं आणि पैसाही. जमिनीची चटक लागली तीही इथेच. अशिलांसाठी जमिनी सोडवता सोडवता हा स्वतः उसन्या पैशानं जमिनी घ्यायला लागला.

१७७४ मध्ये त्याची एक पुस्तिका आली. ब्रिटिश पार्लमेंटला वसाहतींवर कायदे करायचा अधिकारच नाही, असं त्यानं तीत मांडलं. सगळी माणसं निसर्गतः समान आणि स्वतंत्र आहेत, आणि ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांची संमती हाच कायदेशीर राज्याचा पाया आहे, ही वाक्यं तिच्यात आहेत. स्वातंत्र्याचा जाहीरनामा यायला अजून दोन वर्षं होती.

जाहीरनाम्याच्या वेळी मात्र तो कचरला. पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळाकडून सूचना आल्याशिवाय मत देणार नाही म्हणाला. शेवटी २ जुलै १७७६ ला त्यानं बाजूनं मत दिलं. ज्याच्या हाताखाली तो शिकला तो डिकिन्सन त्या दिवशी मतदानाला बसलाच नाही.

आता १७७९ कडे येतो, कारण या माणसाचं आयुष्य इथे उघडं पडतं. युद्ध चालू होतं, कागदी चलन रोज घसरत होतं, पीठ महागलं होतं. फिलाडेल्फियातल्या शिबंदीतले गरीब सैनिक व्यापाऱ्यांवर चिडले होते. विल्सन व्यापाऱ्यांचा वकील. शिवाय ब्रिटिशांना साथ दिल्याचा आरोप असलेल्यांचं वकीलपत्र त्यानं घेतलं होतं. ४ ऑक्टोबरला जमाव हत्यारं घेऊन थर्ड आणि वॉलनट रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या त्याच्या घरावर चालून आला. आत तो आणि त्याचे वीस-तीस मित्र. दोन्हीकडून गोळीबार झाला. खिडकीतून बोलणारा कॅप्टन कॅम्पबेल ठार झाला, बाहेरचेही काही मेले. घोडदळ वेळेवर पोचलं म्हणून बाकीचे वाचले. लोक त्या घराला 'फोर्ट विल्सन' म्हणायला लागले.

आठ वर्षांनी, त्या घरापासून थोड्या अंतरावरच्या सभागृहात अमेरिकेची राज्यघटना लिहिणारी घटना परिषद भरली. तिथे सामान्य माणसाच्या मतासाठी सगळ्यात जास्त कोण भांडलं? हाच. कनिष्ठ सभागृह लोकांनी थेट निवडावं, वरिष्ठही लोकांनीच निवडावं, राष्ट्राध्यक्षसुद्धा लोकांनीच. परिषदेत तो १६८ वेळा बोलला. त्याच्याहून जास्त बोलला तो एकटा गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्याचं पाळण्यातलं नाव, पद नव्हे).

१ जून १७८७ ची एक नोंद परिषदेतला प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याच्या टिपणांत आहे. विल्सननं उठून सुचवलं, की राज्यकारभाराचा प्रमुख एकच माणूस असावा. मॅडिसन लिहितो, की यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. जो माणूस त्या जागी बसणार हे प्रत्येकाला कळत होतं, तो जॉर्ज वॉशिंग्टन समोरच होता. राजाला नुकतंच घालवलं होतं, आणि आता पुन्हा एका माणसाच्या हाती सत्ता. शेवटी म्हाताऱ्या बेंजामिन फ्रँकलिननं सांगितलं, प्रश्न मोठा आहे, मत घेण्याआधी मंडळींनी बोलावं. तेव्हा कुठे तोंडं उघडली. मी हा उतारा कितीदा वाचला असेल सांगता येत नाही. जाड भिंगांच्या चष्म्यातला एक उंच माणूस बोलून खाली बसलाय, आणि खोलीत आवाज नाही.

पुढे पाच जणांच्या मसुदा समितीत तो होता. घटनेच्या मसुद्याचे त्याच्या हस्ताक्षरातले कागद आजही फिलाडेल्फियात आहेत. १७ सप्टेंबरला फ्रँकलिनचं समारोपाचं भाषण वाचून दाखवलं तेही विल्सननंच. फ्रँकलिनला उभं राहून बोलणं झेपत नव्हतं.

उरलेलं प्रतिसादांत लिहितो. पण मला म्हणायचंय ते आधीच सांगतो. विल्सनचं कर्ज आणि विल्सनची लोकशाही या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत असं मला वाटायला लागलंय. दोन्हीच्या मुळाशी एकच विश्वास आहे: माणसं येतील, हा देश भरेल, आणि आलेली माणसं भली असतील.

---

निंबोणी

वाचतेय. डॉक्टर बेंजामिन रश यांनी विल्सनबद्दल लिहिलंय, की तो बोलत असताना त्याचं मन म्हणजे प्रकाशाचा एकच लोळ असे. रश त्याच गावचे आणि त्याच जाहीरनाम्यावर सही केलेले. तुमच्या त्या शांत खोलीच्या प्रसंगाशी हे मला अगदी जुळणारं वाटलं.

पण एक बोलायलाच हवं. ११ जून १७८७ ला तीन-पंचमांशाचा प्रस्ताव मांडणारा विल्सनच होता ना? गुलाम माणसाला मत नाही, हक्क नाही, पण त्याच्या मालकाच्या राज्याला किती जागा द्यायच्या हे मोजताना तो पाचातला तीन धरायचा. 'लोक' म्हणजे कोण, हे तिथेच ठरून गेलं.

---

साकव

@निंबोणी, हो, त्यानंच मांडला. दक्षिणेकडच्या राज्यांना सोबत ठेवून लोकसंख्येप्रमाणे जागा मिळवायच्या, हा त्याचा हिशोब होता. बाजू घेण्यासाठी हे सांगत नाहीये. त्या हिशोबाची किंमत कोणी मोजली ते आपल्याला माहीत आहे.

त्याच्या स्वतःच्या घरीही एक गुलाम होता, वर्षानुवर्षं. १७९३ मध्ये विल्सननं हॅना ग्रे हिच्याशी दुसरं लग्न केलं, त्यानंतर लवकरच त्या माणसाला मुक्त केलं. घटनेला मान्यता द्यायला भरलेल्या पेन्सिल्व्हेनियाच्या परिषदेत हाच विल्सन म्हणाला होता, की १८०८ नंतर गुलामांची आयात बंद करायचा अधिकार काँग्रेसला मिळतोय, यातून या देशातून गुलामगिरी हद्दपार करण्याचा पाया घातला जातोय. त्याचा त्यावर खरोखर विश्वास होता असं मला वाटतं. इतिहासानं तो खोटा ठरवला.

आणि ज्या खानावळीत तो मेला, ती हॉर्निब्लो कुटुंबाची. त्याच कुटुंबाच्या मालकीत, त्याच गावात, १८१३ मध्ये हॅरिएट जेकब्स जन्मली. पुढे तिनं पळून जाऊन आपल्या गुलामीची कहाणी स्वतःच्या हातानं लिहिली. त्या घरात विल्सनच्या आजारपणात पाणी कोणी तापवलं असेल, चादरी कोणी धुतल्या असतील, हा विचार मनातून जात नाही.

---

पाणंद

लेख चांगला उतरलाय, पण मी सहमत नाही. विल्सन सट्टेबाज होता. लाखो एकर जमिनी त्यानं कागदावर विकत घेतल्या, त्याही पदावर बसून. त्या जमिनींवर मूळ रहिवासी होते, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. इलिनॉय-वाबाश कंपनीचा तो अध्यक्ष होता. ती कंपनी तर याच मूळ रहिवाशांच्या टोळ्यांकडून थेट घेतलेल्या जमिनींवर दावा सांगत होती, आणि तो दावा मान्य करावा म्हणून सरकारदरबारी खेटे घालत होती. जो काँग्रेसमध्ये बसतो, घटना लिहितो, तोच अशा कंपनीचा अध्यक्ष. आपल्याकडे असा माणूस असता तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

तुमचं "माणसं येतील हा विश्वास" फार गोड शब्दांत सांगितलंय. जमिनीचा भाव वाढेल हा तो विश्वास होता.

---

साकव

@पाणंद, इलिनॉय-वाबाशबद्दल तुमचं बरोबर आहे. परिषदेतल्या भाषणांबद्दल वाचताना ते विसरता कामा नये.

जमिनीचा धंदा कसा चालायचा ते थोडं सांगतो, म्हणजे माझा मुद्दा कळेल. सरकारकडून जमिनीच्या हक्काचे कागद घ्यायचे, थोडी रक्कम भरायची, मोजणी करून घ्यायची. बाकीचं सगळं उधारीवर. त्या कागदांवर आणखी कर्ज उचलायचं, त्यातून आणखी कागद घ्यायचे. युरोपातून माणसं येणार, पन्नास-शंभर एकराचे तुकडे घेणार, आणि त्या पैशातून सगळ्यांचं देणं फिटणार. विल्सननं तर एक लांबलचक योजनाच लिहून काढली होती: युरोपचं भांडवल आणि युरोपातले मजूर अमेरिकेच्या पडीक जमिनीवर कसे आणायचे, वाटेत त्यांची सोय कशी करायची, पोचल्यावर काय द्यायचं. नुसता भाव वाढायची वाट बघणारा माणूस एवढ्या बारकाईनं लिहीत बसत नाही.

पण युरोपात युद्ध पेटलेलं. माणसंही येईनात, पैसाही येईना. १७९६ पासून अमेरिकेत बाजार कोसळायला लागला. फेब्रुवारी १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडनं नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि उधारीचे सगळे दोर आवळले गेले. विल्सनच्या हुंड्या एकाच वेळी वसुलीला आल्या.

हाव होतीच. हाव नव्हती असं मी म्हणणार नाही. पण शहाणी हाव वेळेवर हात काढून घेते. हा शेवटपर्यंत घेतच राहिला, कारण त्याला खरोखर वाटत होतं की माणसं येणार आहेत. आणि आली की हो! फक्त त्याच्या मरणानंतर.

---

वळचण

मी तालुका कोर्टात बावीस वर्षं दिवाणी कामं करतोय, त्यामुळे हा धागा फार जवळचा वाटला. लेखाच्या सुरुवातीचा उतारा ज्या निकालातला, त्या चिझम विरुद्ध जॉर्जिया या खटल्याची हकिगत साकव यांनी अजून दिलेली नाही, ती देतो.

साउथ कॅरोलायनातल्या रॉबर्ट फारकर नावाच्या व्यापाऱ्यानं १७७७ मध्ये, युद्धाच्या काळात, जॉर्जिया राज्याला माल पुरवला. पैसे मिळाले नाहीत. तो वारला. त्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक अलेक्झांडर चिझम यानं राज्यावर दावा लावला. जॉर्जिया म्हणालं, आम्ही सार्वभौम राज्य, आमच्या संमतीशिवाय आमच्यावर दावा चालत नाही. सुनावणीला हजरच झालं नाही. चार विरुद्ध एक असा निकाल लागला, चिझमच्या बाजूनं. उलट मत एकट्या न्यायमूर्ती जेम्स आयर्डेल यांचं.

विल्सननं आपल्या निकालपत्रात सरळ लिहिलं, की अमेरिकेच्या घटनेला 'सार्वभौम' हा शब्दच ठाऊक नाही. राज्य म्हणजे लोकांनी आपल्या सोयीसाठी केलेली रचना, आणि लोक आपल्या करारांना बांधील असतात तर त्यांनी केलेली रचनाही असते. जॉर्जियात असा भडका उडाला, की तिथल्या कनिष्ठ सभागृहानं विधेयकच मंजूर केलं: या निकालाची अंमलबजावणी करायला जो येईल त्याला फाशी. वरच्या सभागृहानं ते अडवलं. पण १७९५ मध्ये अकरावी घटनादुरुस्ती झाली आणि विल्सनचा निकाल पुसला गेला. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला राज्यावर केंद्राच्या कोर्टात दावा लावता येईना.

हे मला का भिडलं ते सांगतो. माझ्या वडिलांनी एका सरकारी खात्याला खडी पुरवली होती. मोजमापाच्या वहीत नोंद झालेली, सही झालेली. बिल अकरा वर्षं अडकलं. दर वेळी नवा साहेब, नवी त्रुटी. आपल्याकडे राज्यावर दावा लावता येतो, घटनेचं कलम ३०० आहे. त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. वडिलांची ती नोटीस मी स्वतः टाइप केली, तेव्हा मी नवशिका होतो. 'प्रतिवादी क्र. १ : महाराष्ट्र शासन, तर्फे जिल्हाधिकारी' ही ओळ उमटली तेव्हा वडील मागे उभे होते. म्हणाले, "सरकारचं नाव असं लिहिता येतं होय?" फारकर जिवंत असता तर त्यानंही हेच विचारलं असतं.

---

दिवेलागण

वळचण, तुमच्या वडिलांचे पैसे मिळाले का?

---

वळचण

मुद्दल मिळाली. व्याजाची दरखास्त अजून चालू आहे. वडील आता नाहीत.

---

साकव

@वळचण, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहू शकलो नाही. चिझमची बाजू याहून चांगली मला सांगता आली नसती.

आयर्डेल यांचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून शेवटचा भाग आता लिहितो.

१७९७ मध्ये विल्सन न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनला तुरुंगात पडला. मुलगा बर्ड यानं पैशांची सोय करून सोडवलं. मग तो दक्षिणेकडे गेला, ईडंटनला. तिथे पियर्स बटलरनं त्याला पुन्हा अडकवलं. हा बटलर घटना परिषदेत साउथ कॅरोलायनाचा प्रतिनिधी होता, दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या होत्या. बटलरचं घेणं १,९७,००० डॉलर. तिथून सुटल्यावर विल्सन कोर्टाशेजारच्या त्या खानावळीत राहिला. फिलाडेल्फियाला परतायची सोय नव्हती, तिथे आणखी घेणेकरी होते.

हॅना त्याच्याकडे तिथे गेली. तिचं वय चोवीसच्या आसपास, लग्नाला पाच वर्षं झालेली. तिचं मूल लहानपणीच गेलं होतं. आधीच्या बायकोची, रेचलची, सहा मुलं होती आणि त्यातला बर्ड तर जवळजवळ तिच्याच वयाचा. जुलैत विल्सनला हिवताप झाला. त्यातून उठतोय तोच अर्धांगाचा झटका आला. तापात तो अटकेचं आणि देण्यांचंच बरळत होता. हॅना उशाशी बसून होती.

ईडंटन हे आयर्डेल यांचं गाव. चिझम खटल्यात विल्सनच्या विरुद्ध मत देणारे तेच. विल्सनला शेवटच्या दिवसांत आधार त्यांच्याच गोतावळ्याचा मिळाला, आणि दफनही आयर्डेलांच्या मेव्हण्याच्या, सॅम्युएल जॉन्स्टनच्या, हेझ मळ्यावर झालं. सरकारी इतमाम नाही, मानवंदना नाही. आयर्डेलही पुढच्या वर्षी त्याच गावात वारले.

कर्जबाजाऱ्यांना तुरुंगाबाहेर काढू शकेल असा दिवाळखोरीचा केंद्रीय कायदा १८०० मध्ये आला.

---

वळचण

आपल्याकडे आजही हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत ऋणकोला दिवाणी कैद होऊ शकते. पण १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं (न्या. कृष्ण अय्यर) सांगितलं, की ज्याची ऐपतच नाही त्याला केवळ पैसे दिले नाहीत म्हणून आत टाकता येणार नाही. ऐपत असून अप्रामाणिकपणे टाळतोय हे दिसायला हवं. ही कसोटी लावली तर विल्सनचं काय झालं असतं, सांगणं अवघड आहे. लाखो एकर नावावर, आणि खिशात काही नाही.

---

पाणंद

हे शेवटचं आधी माहीत नव्हतं. माझं मत बदललेलं नाही, पण मघाशी मी 'सट्टेबाज' म्हणून एका शब्दात उडवून लावलं तसं आता लिहिणार नाही.

एक प्रश्न. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा म्हणणारा विल्सन, मग ते निर्वाचक मंडळ आलं कुठून? अमेरिकेत दर चार वर्षांनी त्यावरून वाद होतो.

---

साकव

@पाणंद, तेही त्याच्याकडूनच! थेट निवडणुकीला पाठिंबा मिळत नाही असं दिसल्यावर दुसऱ्याच दिवशी, २ जूनला, त्यानं मधला मार्ग काढला: जिल्हे पाडा, लोकांनी निर्वाचक निवडावेत, त्यांनी राष्ट्राध्यक्ष निवडावा. तोही तेव्हा फेटाळला गेला. सप्टेंबरपर्यंत घोळ चालला आणि शेवटी बदललेल्या रूपात तीच कल्पना घटनेत शिरली. त्याला हवं होतं ते मिळालं नाही, आणि तडजोड म्हणून जे पुढे केलं ते सव्वादोनशे वर्षांहून जास्त टिकलं. वरिष्ठ सभागृहाची थेट निवडणूक मात्र त्याच्या म्हणण्याप्रमाणे झाली, १९१३ मध्ये, सतराव्या दुरुस्तीनं.

कार्लाइलचं राहिलं. घटनेला पेन्सिल्व्हेनियानं १२ डिसेंबर १७८७ ला मान्यता दिली, ४६ विरुद्ध २३ मतांनी. विल्सननं त्यासाठी रान उठवलं होतं. दोन आठवड्यांनी कार्लाइलमध्ये विजयोत्सव ठेवला होता. घटनाविरोधी जमाव तिथे सोटे घेऊन आला आणि त्यानं विल्सनला खाली पाडून झोडपलं. एका जुन्या सैनिकानं त्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं म्हणून तो वाचला. दुसऱ्या दिवशी त्याचा पुतळा जाळला. ज्या गावात त्यानं वकिली उभी केली तेच हे गाव. आणि १७९३ च्या निकालपत्रात लोकच श्रेष्ठ असं लिहिणारा माणूस हा मार खाऊन उठलेला होता. लोकांवरचा त्याचा विश्वास पुस्तकी होता असं मला म्हणवत नाही ते यामुळे.

---

निंबोणी

बुशरॉड वॉशिंग्टनचीही गोष्ट या धाग्यात हवी. जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतण्या. १७८२ मध्ये वॉशिंग्टननं त्याला कायदा शिकायला विल्सनकडे ठेवलं. फी शंभर गिनी. रोख नव्हती म्हणून वॉशिंग्टननं वचनचिठ्ठी लिहून दिली. विल्सन वारल्यावर त्याच्या रिकाम्या जागेवर याच बुशरॉडची नेमणूक झाली आणि तो १८२९ पर्यंत त्या खुर्चीत होता.

शिक्षक म्हणून विल्सन मोठा होता. डिसेंबर १७९० मध्ये त्यानं फिलाडेल्फियात कायद्यावरची व्याख्यानं सुरू केली, तेव्हा पहिल्या व्याख्यानाला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन आणि उपराष्ट्राध्यक्ष ॲडम्स समोर बसले होते. ती माला त्याच्या हातून पुरी झाली नाही. जे होतं ते बर्डनं १८०४ मध्ये छापलं. बापाला तुरुंगातून सोडवणारा तोच मुलगा. पुढे बर्ड न्यायाधीश झाला, आणि मग ते सोडून धर्मोपदेशक. म्हणजे आजोबांच्या घरची इच्छा नातवानं पुरी केली.

---

कोयरी

मी न्यू जर्सीत राहते, फिलाडेल्फिया तासाभरावर. धागा वाचून काल लेकीला घेऊन गेले.

आधी पाचव्या रस्त्यावरच्या दफनभूमीत फ्रँकलिनची कबर बघितली. तिथे गर्दी असते आणि लोक कबरीवर पेनी टाकतात. सगळा दगड नाण्यांनी भरला होता. मग सेकंड स्ट्रीटवरच्या क्राइस्ट चर्चमध्ये गेलो. विल्सनचे अवशेष १९०६ मध्ये ईडंटनहून आणून तिथल्या आवारात पुरले, रेचलच्या शेजारी. आणायला सरकारनं नौदलाची बोट दिली होती. मेल्यावर एकशे आठ वर्षांनी तो फिलाडेल्फियाला परत आला. आता कोणी घेणेकरी उरला नव्हता.

त्याच चर्चमध्ये रॉबर्ट मॉरिसचंही थडगं आहे, हे तिथे गेल्यावर कळलं. यानं क्रांतीसाठी पैसा उभा केला, याचीही जाहीरनाम्यावर आणि घटनेवर सही, आणि हाही जमिनींच्या सट्ट्यात बुडून १७९८ पासून तीन वर्षं फिलाडेल्फियाच्या तुरुंगात होता. साकव यांनी सांगितलेला १८०० चा कायदा याच्या कामी आला.

आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरं कोणी नव्हतं. विटांची भिंत, वर मोठं झाड, पलीकडून गाड्यांचे आवाज. दगडावरचं नाव वाचून लेकीनं विचारलं, यानं काय केलं होतं? मी तिला त्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली, माल दिला आणि पैसे मिळाले नाहीत ती, आणि वळचण यांच्या वडिलांचीही. तिनं खिशातून एक पेनी काढली, फ्रँकलिनवर टाकायला आणलेली आणि टाकायची राहून गेलेली. "इथे ठेवू का?" म्हणाली.

ठेवली.

---

वळचण

कोयरी, लेकीला माझा आशीर्वाद सांगा.